आईच्या खुर्चीची उलटी वीण

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझ्या नव्या घरासाठी आईची, म्हणजे तुझ्या आजीची, वेताची खुर्ची देणार आहे. मात्र बैठक उसवून नव्याने विणतो. आईची वीण उलटी. मागच्या कोपऱ्यातून सुरू करायची. पुढून घे म्हणून किती सांगितलं, पण ऐकेल तर शपथ. माहेरची पद्धत म्हणावी, तर माहेराचं नाव काढलं की तिला चुलीवरचं दूध आठवायचं. असो. कोपऱ्यांत माझा दुहेरी पीळ घालीन. तो आतून असतो, दिसत नाही, पण बैठक ढिली पडत नाही. हा पीळ माझ्या डोक्यातून निघालाय, कुणा उस्तादाची मेहेरबानी नाही. जावईबापूंना सांग, खुशाल बसा, वजनाची लाज नको.

तुझा काका

दि. ९ फेब्रुवारी

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

आधी हातातली सुरी खाली ठेवा! बैठक उसवू नका. आमच्या दवाखान्यात एक म्हातारी येते, डोंगरापलीकडच्या लोकांतली. त्यांना इथे कुणी दारात उभं करत नाही. बाकावर बसून ती स्टूल विणत होती, मागच्या कोपऱ्यातून. मी म्हटलं, आमची आजी अशीच विणायची. तिने माझा हातच धरला. म्हणाली, ही सुरुवात आमच्या बायांचीच. तुझी आजी आमची गं. तुमच्याकडे दिलेली पोर माहेर सांगत नाही, सांगितलं तर सासर तुटतं, असंही म्हणाली. काका, आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, असं तुम्ही सांगत आलात. पण आजी कोण होती हे सांगायला आता ती खुर्चीच उरलीय. राग मानू नका, मानलात तरी माया पातळ करू नका.

तुमची ठकू

दि. १५ फेब्रुवारी

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मागचा कोपरा उसवायला घेतला होता. वाचून डोकंच तापलं. आमच्या आईचं कूळ सांगणारी ही कोण? तुला खोटं पाडायचं म्हणून चष्मा पुसून कोपरा निरखला. ठकू, आत दुहेरी पीळ होता. माझा. माझा कसला, तिचा! लहानपणी तिच्या मांडीशी बसून वेताची टोकं धरायचो. हातांनी उचललं आणि फुशारकी डोक्याने मारली. स्वतःचा पीळ कुठून आला हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आईचं माहेर काय नाकारावं? तुझी काकू म्हणते, बिनगुरूच्या माणसाला गुरू सापडला एकदाचा. हसू दे तिला.

कोपरा आईच्याच रीतीने, मागून, पुन्हा विणलाय. नवा वेत तेवढा पिवळा दिसतो, दिसू दे.

खुर्ची घेऊन मी स्वतः येतोय. त्या दिवशी तुझ्या म्हातारीला घरी बोलाव. त्या खुर्चीत पहिल्यांदा तिने बसायचं. आणि मी तिला मावशी म्हटलं तर चालेल का, एवढं विचारून ठेव.

लोभ आहे तो वाढवावा, डोंगरापलीकडेही.

तुझा काका