मूळच्या ट्राममध्ये स्टूल नव्हतं

३ फेब्रुवारी

मंडळ फुटलं! आमच्या ट्रामप्रेमी मंडळाची शकलं झाली – तीही रंगावरून. भंगारातून वाचवून शेडमध्ये आणलेली आमची लाडकी ट्राम मूळची हिरवी की मरून? मी हिरवा. अध्यक्षही हिरवे. (निवृत्त वकील. चहा गोड झालाय हेसुद्धा 'माझ्या माहितीप्रमाणे' लावून सांगतात.) केमिस्ट आणि त्याची टोळी मरून. केमिस्ट मला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही दात बघा!" मी म्हटलं, "आणि तुम्ही मलम विका!" चहा न घेताच सगळे घरी.

४ फेब्रुवारी

दवाखान्यात मन लागेना. अक्कलदाढ काढायला आलेल्या बाईंना ट्रामच्या ब्रेकची रचना सविस्तर समजावली. तोंड उघडंच असल्यामुळे त्या मध्ये बोलल्या नाहीत. असे श्रोते मंडळात हवेत.

७ फेब्रुवारी

काखेत कळसा नि गावाला वळसा! साक्षीदार माझ्याच घरात बसलाय. नाना – माझे सासरे. ट्राम बंद होईपर्यंत त्यांनी ट्रामच हाकली. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. पण ट्रामचा विषय काढला की पेपर तोंडासमोर धरतात.

हिला बघायला गेलो होतो, तेव्हा वडील एके काळी ट्रामचालक होते हे कळल्यावर मी मुलगी बाहेर यायच्या आधीच होकार देऊन टाकला होता. ही ते अजून विसरलेली नाही.

मंडळासमोर नानांची साक्ष काढायचा बेत तिला सांगितला. म्हणाली, "नानांना तुमच्या पोरखेळात ओढू नका. लहानपणी ट्रामने वडील नेले, आता नवरा नेलाय. पुरे झालं."

पोरखेळ! संस्कृतीच्या जतनाला म्हणे पोरखेळ!

११ फेब्रुवारी

नानांची साक्ष झाली. दोन्ही गट आमच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या दोन टोकांना. मधोमध नाना, नुकतेच झोपेतून उठवलेले.

केमिस्टने थेट विचारलं, "नाना, ट्रामचा रंग कोणता होता?"

"आठवत नाही बुवा."

"असं कसं? चालवायचात ना तुम्ही!"

"चालवायचो म्हणजे आत असायचो. रंग बाहेरून होता."

 मग अध्यक्षांनी मऊ आवाजात विचारलं, "बरं, काय आठवतं?"

"पाय."

"पाय?"

"गोळे यायचे हो पायांत. चालकाला बसायला जागा नव्हती. आणि समोर काच नाही, पाऊस सरळ तोंडावर."

केमिस्टने मोबाइलमध्ये बोट फिरवलं. "काच होती. माझ्याकडे फोटो आहे."

"मग असेल," नाना म्हणाले. "मला लागायचा तो दुसरा कुठला तरी पाऊस असेल."

शेवटी तोडगा निघाला – एक बाजू हिरवी, एक मरून! टाळ्या. शिवाय उद्घाटनाला ट्राम नानांनीच चालवायची, गणवेश घालून, उभं राहून – अगदी मूळच्यासारखी! नानांनी पेपर तोंडासमोर धरला. त्यांच्या वतीने मीच हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी

जेवण अळणी. मुद्दाम. 

२० फेब्रुवारी

गणवेश शिवून आला. जाड लोकर, गळ्यापर्यंत पितळी बटणं. देखणा! नानांनी घालून पाहिला. आतमध्ये नाना शोधावे लागतात. मी फोटो काढत होतो, तेव्हा ही उठून आत निघून गेली.

नाना हळूच म्हणाले, "जावईबापू, आता नाही म्हटलं तर चालेल का?"

"नाना, पत्रिका वाटून झाल्या."

"बरं."

साहेबाला म्हणतात ना, तसं म्हणाले. बरं. दिवसभर कानात तेच.

२७ फेब्रुवारी

काय लिहू? क्रमाने लिहितो.

सकाळी शेडसमोर मांडव, खुर्च्या, हार. बॅटरी बसवलेली ट्राम रुळांच्या तुकड्यावर दिमाखात उभी – इकडून हिरवी, तिकडून मरून. सगळे खुर्च्यांवर बसले होते, ही मागच्या रांगेत. नाना एकटे तिच्या पुढच्या टोकाला, हँडल धरून उभे. ऊन चढत होतं. अध्यक्षांचं भाषण 'चाकाचा शोध' इथून सुरू झालं आणि चाकातून काही बाहेर पडेना.

'चालक आणि यंत्र यांचं अद्वैत' असं काहीतरी चाललं होतं, तेव्हा माझं लक्ष नानांच्या विजारीकडे गेलं. थरथरत होती. आधी वाटलं वारा. वारा नव्हता.

सगळे पितळेची चकाकी बघत होते. मीही एरवी तेच बघितलं असतं. उठलो. मांडववाल्याचं एक स्टूल दिसलं, ते उचललं, ट्रामवर चढलो. "बसा नाना."

भाषण थांबलं! "डॉक्टर!" अध्यक्ष माइकमधूनच ओरडले. "मूळच्या ट्राममध्ये स्टूल नव्हतं!"

"फोटोत स्टूल येतंय!" केमिस्ट.

"हलवा ते!" हिरवे आणि मरून, सगळे एका सुरात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मूळच्या ट्राममध्ये चालक पंचविशीचा होता! तो आणा आधी, मग हलवतो स्टूल!"

नानांनी स्टुलाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बसले. टोपी काढून हँडलवर अडकवली, गळ्याचं बटण सोडलं. म्हणाले, "आता चालवू दे कुणालाही. हौस असेल त्याला."

हौस सगळ्यांनाच! अध्यक्ष आणि केमिस्ट एकदमच चढले, एकदमच हँडलला झोंबले. तेवढ्यात हिने टॅक्सी आणली. नानांना दोघांनी धरून उतरवलं आणि निघालो. मागून घंटा ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही.

खोटं कशाला लिहू – एकदा पाहिलं. थोडी पुढे जाऊन बंद पडली होती. हँडलवर दोघांचेही हात.

२८ फेब्रुवारी

मंडळातून माझी हकालपट्टी. एकमताने! मंडळाच्या जन्मापासूनचं हे पहिलं एकमत.

रात्री जेवणात मीठ बरोबर होतं.

२ मार्च

नाना सकाळी आपणहून म्हणाले, "बसने कुठेतरी जाऊ या. शेवटच्या स्टॉपपर्यंत." तिघंही गेलो. नाना खिडकीशी, ही त्यांच्या शेजारी. मला म्हणाली, "नानांच्या शेजारी बसून असं फिरायला पहिल्यांदाच चाललेय मी. लहानपणी ट्राममध्ये नुसती पाठ दिसायची." थोड्या वेळाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. शेवटचा स्टॉप आला, तरी तिला उठवायचा धीर आम्हा दोघांनाही होईना. नानांनी कंडक्टरला खुणेनेच सांगितलं – परतीची तिकिटं द्या.