अप्पांच्या नकाशावरची चिठ्ठी

३ फेब्रु., नांदेड
अप्पांना जाऊन सहा दिवस. अस्थी घरातच. तीस वर्षं नौदलात, कुठकुठल्या बेटांभोवतीचा समुद्र मोजून नकाशे केले. रिटायर होऊन लोह्याकडं आपल्या गावी आले तर गाव धरणाखाली. मग होडी केली, दोराला शिसं बांधून बुडालेलं गावही मोजलं, घर न् घर. जाताना म्हणाले, अस्थी त्या बुडालेल्या घराच्या, आपल्या दारात सोडा. गेले तरी काम लावून गेले.

५ फेब्रु.
नकाशा पार मळलेला. होडीत भिजू नये म्हणून लॅमिनेशन केलं. वर कसलीशी चिठ्ठी डकवलेली, मशीनमध्ये अडकत होती, काढली. आई सारखी, "दारातच सोडताल ना?" हो, हो. पाठ मोडून आलीय.

७ फेब्रु.
दादा, मी, होडीवाला माधव. नकाशावर लिहिलेलं, होडीतून काठाकडं बघताना पाण्याची टाकी देवळाच्या कळसामागं दिसावी, लिंब टेकडीच्या टोकाखाली. दोन्ही जुळलं की खाली आपलं घर. जुळलं. सोडल्या. दादा रडला. मला रडायचंही त्राण नव्हतं.
आई म्हणाली, "मलाबी तिथंच सोडा. आपल्या दारात, त्यांच्याजवळ."

२ मार्च
पेपरांच्या गठ्ठ्यात ती चिठ्ठी सापडली. जांभळी शाई. समुद्रावरची सवय त्यांची, खूण बदलली की नकाशावर जांभळी दुरुस्ती. "जुनी टाकी पाडली. नवी शाळेमागं. हिच्यावरून घर धरू नये."
मीच काढली. वाचलीसुद्धा नाही. आणि शाळेत भूगोल शिकवते! लाज वाटते.

४ मार्च
माधवला फोन. "ताई, अप्पा तिथं कधी थांबत न्हवते. पण नकाशा तुमच्या हातात, मी काय बोलू?"
दादा म्हणतो आईला कळू देऊ नको, पाणी एकच. एकच कसं? अप्पांनी हातभर चूक कुणाची चालवून घेतली नाही.

९ मार्च
सांगून टाकलं. आई शेंगा फोडत होती. फोडतच राहिली.
"किती लांब?"
"मधे अख्खं गाव."
टरफलं सुपात गोळा करत म्हणाली, "जन्मभर ते पाण्यावर, मी घरात. आताबी तसंच करायचं?"
मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. अप्पा कुठं आहेत ते जांभळ्या पेननं नकाशावर मांडलं. तिची जागा कुठं मांडू, दारात की त्यांच्याजवळ, विचारलं तर म्हणाली, थांब जरा.