भीमराव मिस्त्रीची झडती

८ जानेवारी, कोईमतूर
घरी संडास-बाथरूमचं काम सुरू झालं. आईनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. स्वयंपाकघरामागची खोली त्यासाठी घेतली आहे. दिवाळीत पडून आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून अंगणातल्या संडासापर्यंत भिंत धरत जाते. म्हणून आता घरातच, कमोडवालं.
मिस्त्री म्हणजे भीमराव, शेजारच्या वाडीचा. पन्नाशीचा. महाबळेश्वरच्या हॉटेलांत फरश्या बसवून हात तयार झालेला. एकटाच काम करतो. म्हणजे दिवसभर घरात आई आणि तो.
आईला म्हणालो, आतल्या खोलीतल्या कपाटाला कुलूप लाव. म्हणाली, "लावते की. मग वाकून काढाय तू येतोस काय?"

११ जाने.
गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं, हे माझं चौथं दुकान. नववीतनं उठलो, तवापासून एका जागी बूड टिकलं नाही. इथं टिकेल असं वाटतंय. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं. दिवसभर डोक्यावर कॅमेरा. सुट्टी होताना हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही, त्यात कण असतात. मग शेठसमोर खिसे उलटे करायचे, शर्ट झटकायचा, चपला आपटायच्या. पहिल्या दिवशी राग आला होता. आता हात आपोआप खिशात जातो. शेठ आपल्या विट्याकडचाच. म्हणतो, "संशय न्हाई रं, रीत हाय."

१५ जाने.
आईनं मिस्त्रीला चुलीजवळ पाट टाकून जेवायला घातलं. तिळगूळ दिला. सांगताना खुश. "लय दिसानं कुनीतरी माझ्या हातची गरम भाकरी खाल्ली."
मला आवडलं नाही. दिवाळीत गेलो ते चार दिवस दवाखान्यातच. निघताना तिला दम भरला होता, पुन्हा पडलीस तर घराला कुलूप, आणि तू ताईकडं लोणंदला. तवा तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

१९ जाने.
आज जे बघितलं ते लिहून ठेवतो.
दुपारी व्हिडिओ कॉल. आईनं मोबाईल फडताळात उभा केला आणि "दूध बघून येते" म्हणून उठली. तिला फोन बंद करता येत नाही. तिकडं भांडं पडल्याचा आवाज. मला समोर फक्त आतल्या खोलीचं दार आणि अर्धं कपाट दिसत होतं.
थोड्या वेळानं मिस्त्री आला. घाईत. आतल्या खोलीत गेला, कपाट उघडलं, चाचपलं, काहीतरी घडी केलेलं काढून काखेत मारलं आणि गेला.
मी आवाज दिला नाही. द्यायला पाहिजे होता. श्वास रोखून बघत बसलो. मग नेट गेलं.
तासाभरानं आईनं उचलला. मी विचारलं, "आतल्या खोलीत कोन गेलं हुतं काय?"
"कोन जातंय? मीच हाय."
म्हणजे तिला पत्ताच नाही. त्याच कपाटात तिची बोरमाळ आहे, जमिनीचे कागद आहेत. तिला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. महेशला फोन केला. चुलतभाऊ, घराला घर लागून. तो म्हणाला, आज मिस्त्री लवकरच गेला. मग म्हणालो, उद्या तो घरी जायला निघाला की पिशवी बघून घे, एकदा हात मारलेला परत मारतोच. आमच्या दुकानात रोज बघतात, त्यात काही नसतं.

२० जाने.
महेशचा फोन. हसत होता.
"झडती घेतली दादा. काय गावलं न्हाई. थापी, ओळंबा, दोरी, तंबाखूची चंची. आन चतकोर भाकरी, तुमच्याच घरची!"
कुठं घेतली विचारलं, तर डेअरीपुढं. संध्याकाळी अख्खी आळी दूध घालायला उभी असते तिथं. पिशवी उलटी केली, मग पैरणीचे खिसे.
"काय बोलला?"
"काय न्हाई. आमी बघून झाल्यावर एकेक वस्तू उचलून फडक्यानं पुसली आन पिशवीत घातली. लय येळ लावला गड्यानं."
घरी गुपचूप बघ, असं मी म्हणालो होतो का? आठवत नाही. नसेल म्हणालो.

२३ जाने.
मिस्त्री आला नाही. काल नाही, परवा नाही. मागच्या खोलीत कमरेएवढा खड्डा. वर फळी टाकून ठेवली आहे. आई एका शब्दात बोलते. हो. नाही. जेवले.

२६ जाने.
आईनं स्वतःहून फोन लावला. कधी लावत नाही. बोलली तसं लिहितो, विसरायला नको.
"इकास, मधी बोलू नगंस. त्या दिशी मी पडले. चुलीम्होरं. दूध सांडलं, लुगडं खराब झालं. नुसतं दुधानं न्हाई, कळलं का तुला? उठता येईना. मिस्त्रीनं उचलून खाटंवर बसवलं, तोंड तिकडं करून. मग कपाटातनं धडूतं आनून दिलं आन मी नेसस्तवर दाराभाईर पाठमोरा हुबा ऱ्हायला. मीच त्याला शपत घातली, माज्या पोराला सांगू नगंस, त्यो मला लोणंदला धाडंल. म्हणला, वैनी, मला काय ठावंच न्हाई. आन तुमी चार मानसांत त्याचं खिसं बघितलं. एक शबुद बोलला आसता तर सुटला आसता. पन मग माझी आब्रू गेली आसती."
मी म्हणालो, "आई, मला म्हाईत नव्हतं."
"त्याला इचारलंस कुटं तू? वर फडताळातनं बघत हुतास की."
फोन ठेवला तिनं. बंद करायला शिकली आहे आता.

२७ जाने.
काम नीट झालं नाही. भट्टीपुढं हात भाजला. थोडाच.

२ फेब्रु.
दुसरा मिस्त्री मिळेना. विट्यातल्या दोघांना फोन केले. एकानं विचारलं, आधी कोण होतं कामावर? भीमराव म्हटल्यावर, "त्यानं सोडलं व्हय? मग आमाला न्हाई जमायचं." दुसऱ्याला आधीच ठाऊक होतं. "डेअरीम्होरं झडती घेनारं घर तेच न्हवं?"
आई आता प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवत, तिला धरून अंगणातल्या संडासाला जाते. ताई म्हणते, मी येऊन घेऊन जाते. आई म्हणते, "लोणंदला संडास हाय गं, पन दिवसभर तोंड कुनाकडं बघून उघडू?"
महेशवर ओरडलो. म्हणाला, "तूच सांगितलंस की." खरं आहे.

९ फेब्रु.
शेठकडं सुट्टी मागितली. कारण विचारलं, तर सगळंच सांगून बसलो. शेठ बराच वेळ तराजूच पुसत राहिला.
"इथली रीत इथं रं. मी माझ्या घरात गवंड्याला किल्ली दिऊन आलोय विट्याला. न्हाईतर एवढ्या लांब झोप लागंल का मला?"
दहा दिवस दिले. पंधरा झाले तरी चालतील म्हणाला.

१३ फेब्रु., गाव
आईनं भाकरी केली. समोर बसून खाल्ली. 
मिस्त्री महाबळेश्वरला आहे म्हणे, हॉटेलच्या कामावर.

१४ फेब्रु.
पहाटेची यष्टी, साताऱ्यात बदलून महाबळेश्वर. स्ट्रॉबेरीच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. चार हॉटेलं हिंडलो. पाचव्यात दुसऱ्या मजल्यावर सापडला, गुडघ्यावर बसून फरशी ठोकत होता.
"या," म्हणाला. "च्या घ्या." पूर्वी मला इकास म्हणायचा, अरे-तुरे करायचा.
मी म्हणालो, मिस्त्री, माझी पण रोज झडती होते. खिसे, चपला, सगळं. मला त्यात काही वाटत नाही, म्हणून सुचलं. हे मी पाठ करून गेलो होतो.
"तुमची दुकानात हुती. तुमच्या आळीत, बायकापोरांम्होरं करत्यात का?"
मग म्हणालो, आईनं सगळं सांगितलं.
तेव्हा मात्र हातातली हातोडी खाली ठेवली त्यानं. "कशापायी सांगितलं वैनींनी? मी न्हवतो सांगत."
मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "माझ्या बापानं तुमच्या शेताची ताल बांधली. त्याला तुमच्या अंगणाच्या कोपऱ्यात च्या मिळायचा, येगळ्या कपात. मला तुमच्या आईनं चुलीम्होरं पाट दिला. बायकूला घरी जाऊन सांगितलं हुतं मी."
येणार का, असं विचारायला धीर झाला नाही. चुकलं, असं म्हणायचं होतं, ते पण राहिलं. खाली उतरलो तर मागून ठोकण्याचा आवाज परत सुरू.

१९ फेब्रु.
मिस्त्री आला! सकाळी आठला. पण दारातनं नाही. परड्यातनं आला आणि खिडकीतनं आईला हाक मारली.
"वैनी, मागची भिंत जराशी फोडतो. हितनंच आत-भाईर करतो. काम झालं की बुजवतो."
आई म्हणाली, "दार उघडं हाय की भीमराव."
"आसू दे."
तासाभरात माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं. चांगली भिंत. उंबरा ओलांडायचा नाही म्हणून घराला भोक पाडलं त्यानं, आणि आम्ही दोघं बघत उभे.
दुपारी आईनं ताट दिलं. "जिऊन आलोय." भगदाडाच्या विटांवर आईनं चहा ठेवला. निवला.

२१ फेब्रु.
आई स्टूल घेऊन भगदाडाच्या आतल्या बाजूला बसते. तो बाहेर माल कालवतो. दोघं बोलतात, ऊस कुणाचा गेला, कुणाच्या पोरीचं जमलं. मी गेलो की गप्प.
आज चहा घेतला त्यानं. बाहेर, उभ्यानं.
मी जवळ जाऊन म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं."
माझ्याकडं बघितलं नाही. "त्या भिंतीला पानी मारा. वाळली तर तडं जातील."
मारलं. संध्याकाळपर्यंत दोनदा मारलं.

२३ फेब्रु.
उद्या निघायचं. महेशला म्हणालो, तू पण एकदा बोल त्याच्याशी. म्हणाला, बघू. डेअरीपुढं सगळे असतील तेव्हा बोलावं लागेल, तसं नुसतं परड्यात बोलून काय उपयोग. हे त्याला कळतंय तर. मलाच आधी कळलं नाही. मी तरी कुठं डेअरीपुढं बोललो? परड्यातच बोललो मी पण.
संध्याकाळी दुधाची किटली घेऊन गेलो. वीसेक माणसं होती. मोठ्यानं म्हणालो, मिस्त्रीचं काही नव्हतं, माझीच चूक. एकदोघांनी माना हलवल्या. एक म्हातारं म्हणालं, "आता? म्हैना झाला की रं बाबा."
मिस्त्री तिथं नव्हताच.

५ मार्च, कोईमतूर
फरशी बसली. कमोड बसला. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, आईच्या हाताच्या उंचीवर. तिला उभं करून, खूण करून मग भोक मारलं म्हणे. असं हॉटेलात पण करत नाहीत.
आई एकटी जाऊन आली. फोनवर म्हणाली, "राजवाडा झालाय नुसता."

८ मार्च
भगदाड बुजवायला मिस्त्रीनं विटा भिजत घातल्या होत्या. आई म्हणाली, नको बुजवू, दार बसव. त्याच्याकडं कुठल्यातरी हॉटेलचं काढलेलं दार होतं, ते घेऊन आला. चौकट बसवली.
संध्याकाळी आईचा फोन.
"भीमराव इचारत हुता, कडी आतनं लावू का भाईरनं? त्यो म्हनतोय, तुमच्या लेकाला इचारा."
मी म्हणालो, सांगतो.
आतनं लावली तर आई पडल्यावर कुणाला येता येणार नाही. बाहेरनं लावली तर कुणीही कधीही येईल. ती एकटी. दार परड्यात, कुणाच्या नजरेला नाही. ताईला विचारलं, ती म्हणते आतनं, बाईमाणसाचं घर आहे. दुकानात माझ्यासोबतचा पोरगा म्हणतो दोन्हीकडनं लाव. दोन्हीकडनं लावली तर आतली कडी ती रोज लावणार, मग बाहेरच्या कडीचा काय उपयोग?
आईला परत फोन केला. "तुला काय वाटतंय?"
"मला?" हसली. "मला इचारून कवा केलंस काय?"
मग म्हणाली, "सकाळी आठला येनार हाय त्यो. तवर सांग."
महेशचा नंबर काढला होता. लावला नाही. आठ वाजायला अजून वेळ आहे, पण आईला आत्ताच सांगतो, तू म्हणशील तिकडनं कडी लावायला सांग.