न उघडलेली चौथी गुंडाळी

जालना,
बुधवार, २८ जानेवारी

प्रिय मच्छिंद्र,

तुला पत्र लिहिल्याला तीस वर्षे तरी झाली असतील. आपण फोनवर बोलतो, सणावारी तू नाशिकहून मोबाइलवर चार ओळी धाडतोस, मी त्यांना उत्तर देतो. तेवढ्यावर आपली मैत्री टिकली आणि ती पुरेशीही होती. तरी आज कागद पुढे ओढला, त्याला कारण आहे. फोनवर बोलता बोलता माणूस मध्येच थांबला, तर पलीकडच्याला ते थांबणे ऐकू येते. कागदावर मी कितीही वेळ थांबलो, तरी तुला फक्त पुढचा शब्द दिसेल. सध्या मला ही सोय हवी आहे.

विषय व्यवहाराचा आहे आणि तू बत्तीस वर्षे बँकेत काढली आहेस, म्हणून प्रथम तुलाच विचारतो. मला पंचावन्नावे संपत आले. बियाण्याच्या कारखान्यातील माझी नोकरी साठीपर्यंतची आहे. ती या मार्चअखेर सोडावी, असे मनाने घेतले आहे. घरी सांगितले की, उरलेले आयुष्य नमाज-पठणात, ईश्वराच्या स्मरणात जावे अशी इच्छा आहे. चाँदबीने मिरच्यांचे देठ खुडता खुडता ऐकून घेतले आणि मान वर न करता म्हणाली, "इबादत करो, मना किसने किया? पन पेट का रोजा साल में एकच महिना रहता." साजिया फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे म्हणणे असे की, अब्बा घरी बसले तर आठ दिवसांत अम्मीच त्यांना डबा देऊन परत एमआयडीसीत पाठवील. मशिदीत मात्र चारचौघांनी हात हातात घेऊन माझे कौतुक केले. त्या कौतुकाने मला इतके ओशाळवाणे का वाटले, ते पुढे येईलच.

आधी शिलकीचे सांगतो. भविष्यनिर्वाह निधीत तेरा लाख ऐंशी हजार आहेत. नोकरी सोडताना कारखान्याकडून उपदानाचे पाच लाख वीस हजार मिळतील. बँकेत चार लाख दहा हजार आहेत. याची बेरीज मी सत्तावीस लाख वीस हजार अशी मांडली आहे. त्यातले सहा लाख साजियाचे शिक्षण आणि लग्न यांसाठी बाजूला काढायचे. त्यांना हात लावायचा नाही. घरखर्च महिन्याला सोळा हजार. अंबडच्या स्टँडजवळ अब्बांनी घेतलेला गाळा एका शिंप्याला दिला आहे, त्याचे भाडे चार हजार येते. म्हणजे शिलकीतून महिन्याला बारा हजार काढावे लागतील. या हिशेबाने चौदा वर्षे आणि आठ महिने निघतात.

तू म्हणशील, आणि बँकेतला कोणताही माणूस हेच म्हणेल, की मुद्दल ठेवीत घाल, व्याजावर जग आणि निर्धास्त राहा. आमच्या धर्मात व्याज वर्ज्य, म्हणून ते माझ्याने होणार नाही, हे तुला ठाऊक आहे. ठेवीवर जे व्याज साचते, ते मी दरवर्षी काढून गरजवंताला देऊन टाकतो. दान म्हणूनही नाही, केवळ घरातून बाहेर जावे म्हणून. त्याशिवाय हाती असलेल्या पैशाचा चाळिसावा हिस्सा दरवर्षी जकातीचा, म्हणजे धर्माने नेमलेल्या दानाचा. इतरांची शिलक रांगत का होईना, पुढे सरकते. माझी फक्त उतरते. याचे दुःख मला कधी झाले नाही आणि आजही नाही. पण त्यातून एक प्रश्न उभा राहिला आहे. ज्याला मुद्दलच खायचे आहे, त्याला भागाकार करावा लागतो, आणि त्या भागाकाराला किती वर्षे जगणार हा आकडा लागतो. जन्मभर मी मानत आलो की तो आकडा एकट्या ईश्वराला ठाऊक आहे. आता मी पेन्सिल घेऊन तो स्वतः लिहायला बसतो. अडुसष्ट लिहितो, पुरते. बहात्तर लिहितो, आणि लगेच खोडून टाकतो. जास्त जगण्याचे भय वाटावे, हे माझ्यासारख्याला शोभत नाही; पण वाटते, हे तुझ्यापासून लपवून काय मिळणार?

तुला अब्बा आठवतात. ते एक्क्याऐंशीव्या वर्षी गेले आणि त्यांची शेवटची चौदा वर्षे कशी गेली, ते तू पाहिले आहेस. अंबडच्या स्टँडवर जाऊन कंडक्टरला स्वतःच्याच घराचा पत्ता विचारायचे. एकदा तू सुट्टीवर आला होतास, तेव्हा त्यांना सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून घरी आणलेस आणि जणू दोघे मिळून फेरफटका मारून आलात, असे अम्मीला सांगितलेस. ते मला ओळखत नव्हते. मी चहा दिला की माझे आभार मानायचे आणि मुलगा कुठे असतो, असे विचारायचे. मात्र कुराण हा ग्रंथ त्यांना अखेरपर्यंत मुखोद्गत होता. नावे गेली, माणसे गेली, घर गेले, आणि ग्रंथाचे तीस भाग, तीसही पारे, काना-मात्रा न चुकता राहिले. मीही त्यांच्यासारखाच हाफिज, सारा ग्रंथ पाठ असलेला; आपलेही तसेच झाले तरी एवढे तरी राहील, या विश्वासावर मी निश्चिंत होतो.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. रमजान जवळ आला की मी आणि मुझफ्फर दुपारच्या नमाजेनंतर मशिदीच्या ओसरीत बसून पाठांतर घासून घेतो. मुझफ्फर म्हणजे मोटारींचे सुटे भाग विकणारा, तू त्याला माझ्या लग्नात पाहिले आहेस. एकाने तोंडपाठ म्हणायचे, दुसऱ्याने ऐकायचे. म्हणणारा अडखळला, तर ऐकणारा त्याला चुकलास असे म्हणत नाही. तो केवळ पुढचा शब्द स्पष्टपणे उच्चारतो आणि म्हणणारा तो धरून पुढे जातो. तुला कदाचित ठाऊक नसेल, आमच्या ग्रंथात काही वाक्ये दोन-तीन ठिकाणी जवळजवळ सारखी येतात. तेथे वाट फुटते आणि बेसावध माणूस एका पाऱ्यातून नकळत दुसऱ्या पाऱ्यात शिरतो. त्या दिवशी मी तसा शिरलो. मुझफ्फरने शब्द दिला, मी परतलो. दोन पाने पुढे जाऊन पुन्हा त्याच ठिकाणी उभा. त्याने पुन्हा शब्द दिला. तिसऱ्यांदा मी तेथेच पोहोचलो, तेव्हा त्याने शब्द दिला नाही. समोरची प्रत अलगद मिटली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "चलो इनायतभाई, चाय पीते." चाळीस वर्षांत मुझफ्फरने मला अर्ध्यावरून कधी उठवले नव्हते. टपरीवर तो लोखंडाच्या भावाबद्दल बोलत राहिला आणि माझ्याकडे पाहण्याचे टाळत राहिला.

थकवा असेल, असे मी स्वतःला समजावले. त्यानंतर गेल्या गुरुवारी जे घडले, त्याला थकवा म्हणता येत नाही.

माझे काम तुला ठाऊक आहे, तरी नीट सांगतो. एका सोयाबीनच्या लॉटची उगवणचाचणी होती. शंभर-शंभर दाणे ओल्या कागदावर मांडून त्याच्या चार गुंडाळ्या करायच्या, प्रत्येकीला रबर लावायचे आणि आठव्या दिवशी उलगडून धड कोंब मोजायचे. कुबडे आणि कुजलेले वेगळे. सरासरी सत्तर भरली तरच पोती बाहेर जातात. मी मोजले आणि चिठ्ठीवर लिहिले: अडुसष्ट, एकाहत्तर, सहासष्ट, अठ्ठ्याहत्तर. सरासरी सत्तरच्या थोडी वर गेली. सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळ्या ठेवण्याचे ताट धुवायला घेतले, तर चौथी गुंडाळी तशीच होती. तिचे रबरसुद्धा निघालेले नव्हते.

मी तिचे रबर काढले. मग उलगडली आणि तीनदा मोजली. एकोणसाठ कोंब. लॉट नापास होता. अठ्ठ्याहत्तर हा आकडा माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत होता. तो कुठून आला, हे मला आजही आठवत नाही. खोटे लिहिण्याचा मोह मला कधी झाला नाही, आणि त्या दिवशी मी खोटे लिहिले नव्हते. ती गुंडाळी मोजल्याचे मला आठवत होते, मच्छिंद्र. अजूनही आठवते.

बाहेर पोती टेम्पोत चढत होती. मी धावत गोदामात गेलो आणि फेरचाचणी करायची आहे, असे सांगून ती उतरवून घेतली. गोदामाचे राजानंद थट्टेखोर आहेत. म्हणाले, "काल तुम्हीच पास केल्तं न्हवं, हाफिजसाब? मंग एका रातीत म्हातारं झालं का बियाणं?" हमालही हसले, मीही हसलो. खरे कोणालाच सांगितले नाही. ती पोती गेली असती, तर आपल्या अंबडकडच्याच एखाद्या शिवारात कोणी तरी पाऊसपाण्याची वेळ साधून ते दाणे पेरले असते आणि शंभरातले चौतीस मातीतच राहिले असते. त्याने नशिबाला बोल लावला असता. जाब मात्र मला द्यावा लागला असता, येथे नाही तरी पुढे.

तेव्हा इबादतीसाठी नोकरी सोडतो आहे, हे जे मी घरी आणि मशिदीत सांगितले, ते खरे नाही. ईश्वराचे नाव मी आडोशासारखे वापरले, आणि लोकांनी त्याबद्दल माझे हात धरले. पंचावन्न वर्षांत यापेक्षा हलके काम माझ्या हातून झाल्याचे स्मरत नाही. स्मरत नाही, या शब्दांचा आता मला फारसा आधार उरलेला नाही, हे वेगळे.

वरची बेरीज तू एव्हाना करून पाहिली असशील आणि भुवया उंचावल्या असतील. मला ठाऊक आहे. रविवारी एका कागदावर माझी बेरीज सत्तावीस लाख वीस हजार झाली. सोमवारी दुसऱ्या कागदावर तेवीस लाख दहा हजार. काल तिसऱ्यावर सतरा लाख नव्वद हजार. प्रत्येक वेळी मी नीट बसून, बिस्मिल्ला म्हणून, आकडा आकड्याखाली लिहून केली, आणि प्रत्येक वेळी ती मला बरोबर वाटली. चौदा वर्षे, अकरा वर्षे, की जेमतेम आठ, हे मी ठरवू शकत नाही. माझी शिलक पुरेल की नाही हे ठरवणारा जो माणूस आहे, तोच पुरेसा राहिलेला नाही. ही गोष्ट चाँदबीला कशी सांगू? अब्बांचे सारे तिने केले आहे. पुढे काय येते, ते तिला एकेक दिवसानिशी माहीत आहे.

परवा बसल्या बसल्या तुमचे अंगण आठवले. चिंचेखाली मी पाठ म्हणत फेऱ्या मारायचो आणि तू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचास. तुला त्यातले एक अक्षर येत नव्हते. तरी एका संध्याकाळी मी थांबलो, तेव्हा तू म्हणालास, "आज जल्दीच संपलं की तुझं." मी चिडलो. घरी जाऊन पाहिले, तर दीड पान मधूनच गळाले होते. तू चाल ऐकत होतास, शब्द नव्हे. आणि चालीवरून तुला कळले होते. दुसऱ्या दिवशी काकांना, तुझ्या वडिलांना, हे सांगितले, तेव्हा त्यांनी पोथीवरून चष्मा वर करून तुझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "याला सोताचे पाढे येत न्हाईत, आन् दुसऱ्याचं चुकल्यालं बराबर कळतं." पुढे तू बँकेत लागलास, तेव्हा ते हेच पेढ्यांबरोबर गावभर सांगत फिरले होते.

म्हणून हे पत्र. तिन्ही कागद सोबत ठेवले आहेत. त्यातला बरोबर कोणता, ते ठरव आणि बाकीचे दोन फाडून टाक. शिलक पुरत असेल तर तसे लिही. पुरत नसेल, तरी नोकरी सोड असेच लिही. कारण न उघडलेल्या गुंडाळीतले कोंब मोजणाऱ्याने त्या खुर्चीवर बसू नये, हे मला कळते, फक्त त्याचा पहिला शब्द माझ्या तोंडून निघत नाही. तो तू उच्चार, मी धरून पुढे जाईन. जमल्यास रमजानपूर्वी एक दिवस ये. संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, आणि ते जे विचारतील त्याची उत्तरे मी बरोबर देतो आहे की नाही, हे ऐकणारे कोणी तरी बाजूला हवे. आणखी एक. टेबलाच्या खणात तीन पाकिटे होती, ती मी सोमवारीच आणली. हे पत्र एकात घालायला काढले, तर खाली दोन उरायला हवी होती. एकच आहे. म्हणजे असेच एक पत्र मी तुला आधी पाठवले असावे. मला ते लिहिल्याचे आठवत नाही. तुला मिळाले असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून वाच, आणि त्यात मी वेगळे काही सांगितले असेल, तर मला कळव.

तुझ्याच भरवशावर असलेला, तुझाच
इनायत