फलक राज्याचा, गाव बेपत्ता

ग्रोस क्लाडो,
रविवार, जेवणानंतर

प्रिय विब्केताई,

हेनिंगचा नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे बटाटे उत्तम आले, माझी तब्येतही ठीक आहे, मन मात्र शुक्रवारपासून ठिकाणावर नाही. का ते सांगतो. नमनाला घडाभर तेल जाईल, पण तू ऐकून घे.

तुला माहीतच आहे (बर्लिनला गेल्यापासून तू सोयीस्कर विसरतेस ते सोड), आपलं राज्य म्हणजे दोन मुलूख एकत्र शिवून केलेली गोधडी. पुढचा तुकडा मेक्लेनबुर्ग, मागचा आपला फोरपोमर्न. लोक पहिलं नाव घेतात आणि दमतात. तर स्कॉटलंडमधल्या आपल्या जोडगावाचं गायकमंडळ शुक्रवारी येणार, म्हणून वेशीवर स्वागताचा इंग्रजी फलक लावायचं ठरलं आणि इंग्रजी म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं. (बर्लिनची भिंत पडेपर्यंत मी शाळेत रशियन शिकवत होतो आणि ती पडल्यावर एका उन्हाळ्यात इंग्रजी शिकून पुढच्या सत्रात तेच शिकवू लागलो, हे आता फक्त तुला आणि मला आठवतं.) मी पहिल्याच बैठकीत ठणकावलं की राज्याचं नाव इंग्रजीत पूर्ण आणि बरोबर आलं पाहिजे : मेक्लेनबुर्ग–वेस्टर्न पॉमेरेनिया, म्हणजे आपल्या फोरपोमर्नसकट. शेपूट कापलेलं चालणार नाही.

ल्यूडकेबाई (माहेर मेक्लेनबुर्गचं, एक्केचाळीस वर्षं इथे नांदूनही गावाला अजून बाहेरच्याच) म्हणाल्या, "नुसतं मेक्लेनबुर्ग लिहा की. परक्या माणसांना काय कळतंय?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याचं नाव गाळलं होतं का?"

यावर त्या दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत, फक्त माझ्याविरुद्ध मत देत राहिल्या. तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त दुरुस्त केलं, तिसऱ्या बैठकीत ती दुरुस्ती. शेवटी सात विरुद्ध दोन मतांनी मी जिंकलो. एक जण तटस्थ राहिला, तो म्हणजे ज्याने फलक करायचा तोच, ओटफ्रीड सुतार. तो मध्येच म्हणाला होता, "फळी दोन मीटरची आहे. एवढं सगळं लिहिलं तर गावाचं नाव कुठं घालू?" अध्यक्ष डेटमन (अग्निशमन दलाचे प्रमुख तेच) म्हणाले, "हा मुद्दा विषयपत्रिकेत नाही. ऐनवेळचे विषय येतील तेव्हा बोल." ऐनवेळच्या विषयांच्या आधी बिअर आली.

मग ओटफ्रीडने ठरावात होतं तेवढं शब्दशः रंगवलं आणि फळी गावाच्या नावाच्या सरकारी पिवळ्या पाटीपुढे ठोकली. पाटी पूर्ण झाकली गेली. फलकावर राज्य आलं, गाव गेलं.

शुक्रवारी तीन वाजता आम्ही सगळे बंबखान्यासमोर उभे. वाद्यवृंद, धुरावलेली ईल मासळी, सात प्रकारचे केक. मी केस कापून घेतले होते, निळा शर्ट दोनदा इस्त्री केला होता. कारण त्या बसमध्ये मोराग होती. पाच वर्षं मी तिला ई-मेलवर पत्रं लिहितोय. (तुला बोललो नव्हतो. बोललो असतो तर तू स्वेटर विणायला घेतला असतास.) बस आली. ड्रायव्हरला म्हणे रस्ता दाखवणाऱ्या यंत्राने 'पोहोचलात' असं सांगितलं होतं, पण फलक वाचून तो म्हणाला, आत्ता कुठे राज्याची हद्द लागली, गाव पुढेच असणार. आम्हाला बघून त्याला वाटलं, वाटेतल्या कुठल्या तरी गावाची जत्रा आहे. बस सावकाश पुढे गेली. खिडक्यांतून त्यांनी हात हलवले, फोटो काढले. आम्हीही हात हलवले. तिसऱ्या खिडकीत हिरवी टोपी घातलेली मोराग दिसली. ती हसली, पण माझ्याकडे बघून नाही, जत्रेकडे बघून. ताई, मला फार वाईट वाटलं.

मी डेटमनना म्हटलं, "बंब काढा, गाठू त्यांना." ते म्हणाले, "आग कुठाय?" आग नसेल तर बंब निघत नाही. बस थेट पोलंडमध्ये जाऊन थांबली. तिथला प्रांतही स्वतःला पश्चिम पॉमेरेनियाच म्हणवतो, त्यामुळे ड्रायव्हर समाधानी होता. त्यांना तिथे कोबीचं सूप मिळालं, आम्हाला चाळीस माणसांचे केक. काल चौथी बैठक झाली. चूक कोणाचीच नाही, हे एकमताने मंजूर झालं. ल्यूडकेबाईंनीही हात वर केला, पण माझ्याकडे बघून.

दाजींना नमस्कार.

तुझा,
हेनिंग

ता. क. केक उरलेत. खसखशीचा तुझ्यासाठी ठेवलाय, मंगळवारी घेऊन येतो.

ता. क. २. मंगळवारी का, ते आता लिहितो. मोरागचा निरोप आलाय. मंडळ परत गेलं, ती गुरुवारपर्यंत बर्लिनला थांबलीय. म्हणते, "ते गाव तुमचं, हे मला कसं कळणार? तुम्ही पाच वर्षं 'बर्लिनजवळ राहतो' एवढंच लिहीत आलात." खरं आहे. ज्या नावासाठी मी सात विरुद्ध दोन लढलो, ते मी तिला एकदाही लिहिलं नाही. लांबलचक होतं, आणि बर्लिन म्हटलं की माणूस बरा वाटतो.

ता. क. ३. मंगळवारी चार वाजता ती कॉफीला 'माझ्या घरी' येणार आहे. पत्ता मी तुझा दिलाय. तू आणि दाजी दोन तास बागेत बसा, गुडघ्याला ऊन चांगलं. आणि दारावरच्या घंटीपाशी तुमच्या आडनावावर माझं चिकटवायला परवानगी दे. पाटी मी स्वतःच लिहून आणतो. ओटफ्रीड करून देतो म्हणाला होता, पण त्याने आधी विचारलं, "ठराव झालाय का?"