पऱ्हाटीच्या मुळाचा काढा

२ मार्च १८६४, अमरावती.
आजपासून रोजनिशी. वैद्यकीतला माझा शोध कुठेतरी नोंदलेला असावा. तिकडे अमेरिकेत लढाई, इथे कापसाला सोन्याचा भाव. आणि वेचणी झाली की लोक पऱ्हाट्या उपटून चुलीत घालतात. मूर्ख! ज्या झाडाला एवढी बोंडं लागतात, त्याच्या मुळाने बाईला मूल का होऊ नये? आमच्या घरात लग्नापासून पाळणा हललेला नाही. उद्यापासून बायकोला, ताराला, मुळाच्या सालीचा काढा. इंग्रज डॉक्टरसुद्धा टोपी काढील.

९ मार्च.
तारा बाहेरची झाली. वेळेच्या बरीच आधी. म्हणजे औषध लागू पडलं.

१६ मार्च.
अजून बाजूलाच बसलेली. स्वयंपाक माझ्या गळ्यात. वरण अळणी. नाडी पाहावी तर विटाळ; वैद्य झालो म्हणून काय झालं? दुरून पाहिलं. चेहरा पांढरा दिसतो, म्हणजे कांती उजळली. काढा दुप्पट केला. पेला उंबऱ्यावर ठेवतो, ती उचलते.

२१ मार्च.
तारा म्हणाली, "रगत थांबूनच नाही राहिलं. हे औषध मले सोसत नाही." साचलेलं निघतं आहे, असं समजावलं. बायकांना वैद्यकी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उठताना भोवळ येऊन पडली. मी पुढे झालो होतो, पण नुकतीच आंघोळ झालेली. शेजारच्या पार्वताबाईंनी उचललं.

२५ मार्च.
सासूबाई वलगावहून बैलगाडी घेऊन आल्या. काढ्याचं मडकं अंगणात फोडलं. "जावईबुवा, पोरीले मारून राहिले का?" म्हणाल्या. चारचौघांत! ताराला घेऊन गेल्या. मीही सालीची पुडी गाडीत टाकलीच. काळजी मलाच आहे.

१२ एप्रिल.
वलगावला जाऊन आलो. पुडी उकिरड्यावर गेली, आणि तेव्हापासून रक्त थांबलं म्हणे. मी सांगितलं, दुप्पट काढ्याचा गुण जरा उशिरा येतो. तारा चुलीपाशी भाकरी थापत होती, म्हणजे शिवायला हरकत नव्हती. नाडीसाठी हात पुढे केला. तिने आपला मागे घेतला. म्हणाली, "मी पडली, तवा नाही धरला. आता काहून धरता?" परत येणार नाही म्हणाली.

फार वाईट वाटलं.

घरी आलो. चुलीला लाकूड नव्हतं. ओसरीवर पऱ्हाट्यांचा भारा पडला होता, त्याच घातल्या. बऱ्या जळतात.