घंटेच्या कमानीतला भोंगा

प्रिय पप्पा,

क्वीन्सटाउनहून तुमच्या सुचित्राचा सलाम. आम्ही दोघं मजेत आहोत. आईचे गुडघे कसे आहेत?

धाकट्या निहारने आपल्या गावच्या चर्चचा फोटो पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. घंटेच्या कमानीत भोंगा? इंग्रज पाद्रीसाहेबांनी आखलेली, पणजोबांनी काळा दगड घडवून उभी केलेली कमान. तिला ड्रिल मारलं? इथे जुन्या चर्चच्या भिंतीत परवानगीशिवाय कोणी खिळा ठोकत नाही!

निहारला फोनवर झापलं, तर म्हणाला, "पप्पांनीच लावायला सांगितलं. आता घंटेचं रेकॉर्डिंग त्यावरच वाजतं."

तुम्ही? घंटेचा दोर कधी दुसऱ्याच्या हाती न देणारे तुम्ही?

पप्पा, खरं सांगा. तुमचा हात कधीपासून वर होत नाहीये?

तुमचीच,
सुची